हलतं पाणी

कारंजं बंद झालं तेव्हा आर्लिस हॉगलँड पाचव्या मजल्यावर कठड्याला टेकून कॉफी पीत उभी होती, आणि तिच्या डोक्यात विशेष असं काही चाललेलं नव्हतं. दुपारचे पावणेचार. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, बर्फ पडू की नको अशा बेतात आभाळ. विमा कंपनीची ती इमारत मधोमध पोकळ होती. तळापासून काचेच्या छतापर्यंत नुसती हवा, तळाला गोल हौद, हौदात कारंजं, आणि भोवती मजल्यामागून मजले टेबलांना चिकटलेली माणसं. एकतीस वर्षं त्या कारंज्याचा आवाज तिच्या कानात होता, म्हणजे ऐकू येत नव्हताच. खाली निळ्या कपड्यातल्या सफाईवाल्यानं भिंतीतलं झाकण उघडून आत हात घातला, आणि पाणी उचकी लागल्यागत दोनदा उसळून गप्प झालं. लाटा काठाला लागून परत आल्या, लहान झाल्या, विरल्या. मग पाणी दिसेनासंच झालं. तिथं छताची काच होती, करडं आभाळ होतं, सगळ्या मजल्यांचे दिवे उलटे लोंबत होते, आणि पाचव्या मजल्याच्या कठड्यावर करड्या केसांची एक बाई वाकून बघत होती. हवा कुठं संपते आणि हौद कुठं सुरू होतो, काही कळेना. "तिला तरी कसं कळणार?" आर्लिस म्हणाली. चांगली मोठ्यानं म्हणाली. मग पेला हातातून सुटला.

"ओ बाई! वरून आंघोळ घालताय काय मला?" खालून सफाईवाला ओरडला. शेजारच्या टेबलावरची मार्जीन धावत आली. कुणाचं काही बिघडलं की मार्जीनच्या अंगात उत्साह संचारायचा. "अगं, साखर कमी झाली असेल तुझी. बस खाली, डोकं गुडघ्यांत घाल. काय खाल्लंयस सकाळपासून?" आर्लिस बसली. गालिच्याला फिनेलचा वास येत होता. "त्याला सांग पाणी हलव म्हणून," ती म्हणाली. मार्जीननं आजूबाजूच्यांकडे बघून भुवया उडवल्या. "कसलं पाणी? बाई, घरी जा तू. तुझे वडील जाऊन सहा महिने झाले, सुटी म्हणून घेतली नाहीस. असं कधी तरी वर येतंच." वडिलांचं नाव निघालं तसं आर्लिसला हसू आलं, आणि ते हसू काही बरं नव्हतं, कारण मार्जीननं लगेच तिचा कोट आणून दिला.

काचेच्या पुलांवरून ती निघाली. या शहरात हिवाळ्यात माणसं रस्त्यावर उतरत नाहीत. एका इमारतीतून दुसरीत दुसऱ्या मजल्यावरच्या पुलांनी जातात, खाली मोटारी वाहत असतात. आज पुलाखालचं काहीच तिला बघवेना. ती समोरच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालली. पाठीकडे बघायची सवय तिला लहानपणापासूनची, पाठीमागंच तर वाढली ती. ऑफिसातही तिचं काम एका परीनं तेच होतं: अपघात होऊन गेल्यावर, माणसं पांगल्यावर, कागद तिच्याकडे यायचे आणि दोष कुणाचा ते ती ठरवायची. गाडीवाल्याचा साठ टक्के, सायकलवाल्याचा चाळीस. जिना ओला ठेवणाऱ्याचा सगळा. तिचा निकाल सहसा कुणी फिरवत नसे. वरिष्ठ म्हणायचे, आर्लिसला माणूस खोटं बोलतोय ते कागदावरून कळतं. कळणारच की, घरचाच धंदा होता तो. तिला स्वतःचा असा राग आला की तिनं पुलाच्या काचेवर मूठ आपटली, आणि समोरचा माणूस दचकून वळला. "माफ करा," ती म्हणाली, आणि माफी शब्द किती सहज तोंडातून निघतो याचं तिला नवल वाटलं.

तिच्या लहानपणी दर ऑगस्टच्या शेवटी राज्याची जत्रा बारा दिवस भरायची. गावोगावचे शेतकरी आपापले बैल, डुकरं, भोपळे घेऊन यायचे. लोक कणसं खायचे, लोण्यात कोरलेले पुतळे बघायला रांगा लावायचे, पाळण्यात बसून ओकायचे. हे सगळं आर्लिसनं पुढं मोठेपणी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. तिच्या लेखी जत्रा म्हणजे मोठ्या गॅलरीसमोरच्या स्टेजची मागची बाजू. फळकुटांच्या भिंती, ताडपत्री, चिखलावर टाकलेल्या फळ्या, हत्तीच्या लिदीचा आणि डिझेलचा वास, आणि पुढून वाऱ्यावर येणारा तळणाचा वास, जो खायला कधी सवड व्हायची नाही. तिचे वडील आल्विन स्टेजमागचे मुकादम. आई तिकडं चर्चच्या भोजनगृहात मीटबॉल वाढायला, म्हणून पोर बापाच्या पायात. नऊ वर्षांची असताना पाणी पोचवायची, दहाव्या वर्षी कुत्रेवाल्याच्या कुत्र्यांना कलेजी कापून द्यायची. तिनं बघितलं होतं की हसरी गाणारी बाई स्टेजवर जायच्या आधी बादलीत ओकते. झोक्यावरचे दोघे भाऊ एकमेकांना हवेत झेलतात पण खाली उतरल्यावर एकमेकांशी बोलत नाहीत, सात वर्षं बोललेले नाहीत. विदूषक रंग पुसत नाही कारण खालचा चेहरा त्याला नको आहे. या सगळ्याचं तिला दुःख वगैरे काही वाटायचं नाही. उलट पुढं बसलेली हजारो माणसं येडी आहेत आणि आपल्याला खरं काय ते माहीत आहे, याचा भारी माज होता तिला. अकरा वर्षांच्या पोरीला असावा तेवढा, किंवा थोडा जास्तच.

स्टेजमागं एक नियम होता आणि तो आल्विनच्याही आधीपासूनचा होता: वर बघायचं नाही. झोका असो, तार असो, शिडी असो, वर माणूस असताना खालच्यानं आपल्या हातातल्या कामाकडं बघायचं. म्हणे पूर्वी कुणी तरी वर बघत राहिला आणि त्याच्या हातातली दोरी सुटली. म्हणे खालच्याची नजर वरच्याला जड होते. कारण कुठलंही असो, नियम पाळला जायचा. धटिंगण माणसं, शिव्यांशिवाय न बोलणारी, पण वर कुणी चढलं की सगळ्यांच्या माना खाली. "तिकीट काढलेल्यांनी वर बघायचं," आल्विन म्हणायचे. "आपल्याला पगार मिळतो तो न बघण्याचा. कळलं काय गं?" कळलं होतं. एकदा एक नवा पोऱ्या तोंड वर करून उभा राहिला तर आल्विननी त्याला तिथल्या तिथं घरी पाठवला, जाताना टोपीसुद्धा घेऊ दिली नाही.

त्या वर्षी, एकसष्ट साली, ओपल क्रँडल आली. नेब्रास्काची, एकोणतीस वर्षांची, अंगभर वांग, गुडघे कामातून गेलेले. पुरुषी चौकड्यांचा झगा घालून बसायची, ताक प्यायची, आणि पायाच्या बोटांना चिकटपट्ट्या लावता लावता सगळ्यांची थट्टा करायची. रोज अडीच वाजता ती ऐंशी फूट शिडी चढायची आणि सहा फूट खोल टाकीत उडी मारायची. डोकं खाली, हात पसरलेले, आणि अगदी शेवटच्या क्षणी अंग दुमडून पाय खाली. शिडी ताणून धरणाऱ्या आठ दोऱ्या तिच्याबरोबर आलेल्या रूडी वानेककडं होत्या. रूडी सव्वीसचा, हाताचे पंजे फावड्याएवढे, पण बोलायला लाजाळू. आर्लिसला सूर्यफुलाच्या खारट बिया द्यायचा, गाठी शिकवायचा. ओपल जमिनीवर असली की रूडी तिच्याकडं बघत राहायचा, आणि तिनं शिडीवर पाय ठेवला की मान खाली घालून आपल्या दोऱ्यांकडं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. ओपललाही. "ए रूडी," ती सगळ्यांदेखत म्हणायची, "एवढा बघतोस, तर एखादं ताक तरी आणून दे की मेल्या!" आणि रूडी कानापर्यंत लाल होऊन खरंच ताक आणायला जायचा.

आणि पाणी हलवायचं काम आर्लिसचं. टाकीच्या मागच्या अंगाला ताडपत्रीआड एका खोक्यावर उभं राहून रबरी पाइपानं पाण्यावर फवारा मारत राहायचा, उडी पडेपर्यंत. पहिल्या दिवशी ओपलनं तिला स्वतः समजावलं होतं. खोक्यासमोर उकिडवी बसली होती, तोंडाला ताकाची पांढरी रेघ. "हे बघ चिमणे. वरून शांत पाणी दिसत नाही. आभाळच दिसतं खाली. वर आभाळ, खाली आभाळ, मध्ये मी. मग पाय कधी खाली आणायचे ते कसं कळणार मला? तू फवारा मारलास की पाण्याला सुरकुत्या पडतात. सुरकुत्या दिसल्या की मला कळतं, आली जमीन. काय करशील?" "हलवत राहीन." "कधीपर्यंत?" "तुम्ही पडेपर्यंत." "पडेपर्यंत नाही गं बाई, उतरेपर्यंत! काय अभद्र बोलतेस!" आणि ओपल एवढ्यानं हसली की कुत्री भुंकायला लागली. म्हणजे आर्लिसला माहीत नव्हतं असं नाही. पुढं कितीदा तरी तिनं स्वतःची समजूत घालून बघितली की पोर होते, मला काय कळत होतं. तिला सगळं कळत होतं. अगदी नीट, एकेक शब्द समजावून सांगितलेलं होतं.

बसथांब्यावर ती उभी राहिली तेव्हा बर्फाचे पहिले कण पडायला लागले होते. घराकडची बस आली, आर्लिस चढली नाही. ड्रायव्हरनं दार उघडं ठेवून तिच्याकडं बघितलं, खांदे उडवले, आणि बस गेली. पलीकडच्या बाजूची बस उत्तरेकडं जायची, जुन्या चेक वस्तीतून. तिथल्या लोकांचं एक सभागृह होतं, लग्नं आणि नाच व्हायचे, आणि त्याच्या मागच्या खोलीत सभागृहाची देखभाल करणारा एक म्हातारा राहायचा. नऊ वर्षांपूर्वी तिनं फोनच्या वहीत ते नाव शोधलं होतं, आर. वानेक, आणि एका रविवारी त्याच्या दारापर्यंत गेलीही होती. आत माणूस कुणाशी तरी बोलत होता, बहुधा मांजराशी. ती तशीच परत आली. बाबा जिवंत आहेत, तिनं स्वतःला सांगितलं. बाबा जिवंत असताना कसं बोलणार? एप्रिलात बाबा गेले. मग म्हणाली, घर आवरून होऊ दे. घर आवरून झालं. आता एकही सबब शिल्लक नव्हती, आणि रूडी वानेक त्र्याहत्तर वर्षांचा होता. तिनं रस्ता ओलांडला.

नववा दिवस होता जत्रेचा. वाऱ्याचं नाव नाही, उकाडा मरणाचा. आठ दिवस आर्लिसनं पाइप धरला होता आणि आठ दिवसांत तिनं काय बघितलं होतं? फेसाळलेलं पाणी. वर काही तरी चाललं आहे हे तिला गॅलरीच्या आवाजावरून कळायचं. आधी कुजबूज, मग दहा हजार माणसं एकदम गप्प, मग धाडकन आवाज, तोंडावर पाणी, आणि टाकीच्या काठावर ओपलचे हात. मधलं तेवढं राहून जायचं. ज्या उडीसाठी ही सगळी माणसं तिकीट काढून आली ती उडी तिनं बघितलीच नव्हती, जिच्याशिवाय उडी होत नव्हती तिनं! येड्यांना दिसत होतं आणि तिला नाही. वर बघायचं नाही हे ठीक. पण खाली बघायला कुणी मना केलं होतं? आदल्या दिवशी सकाळी टाकी भरताना तिनं बघितलं होतं की शांत पाण्यात सगळी शिडी उतरते, टोकापर्यंत. बस, हातातल्या कामाकडंच बघायचं की. नियमसुद्धा मोडत नाही. तिनं पाइपाचं तोंड हळूच टाकीच्या आतल्या भिंतीकडं वळवलं. पाणी भिंतीवरून निमूट ओघळायला लागलं. मधल्या सुरकुत्या निवाल्या. पांढरं आभाळ आत आलं, शिडी आली, आणि शिडीच्या टोकाला लाल ठिपका. ठिपका सुटला. आणि खालून वर, तिच्याकडं, हात पसरून येऊ लागला. ओपलचे हात पूर्ण उघडे होते. तिचं तोंडही दिसलं, असं आर्लिसला वाटतं, आणि ते घाबरलेलं नव्हतं. एवढं सुंदर काही तिनं त्याआधी बघितलं नव्हतं. त्यानंतरही कधी बघितलं नाही, लग्नात नाही, कुठल्या प्रवासात नाही, आणि याचीच तिला सगळ्यांत जास्त शरम वाटत आली आहे.

आवाज वेगळा होता. धाडकन नाही, काही तरी ओलं मोडल्याचा. आल्विन पळत आले. आणि त्यांनी आधी काय केलं ते आर्लिस कधी विसरली नाही. त्यांनी आधी तिच्या हाताकडं बघितलं. भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडं बघितलं. मग तिचं मनगट धरून पाइप टाकीच्या मधोमध वळवला, आणि मग टाकीत उडी घेतली. आधी पाइप, मग ओपल. किती वेळ गेला असेल त्यात, तीन सेकंद? त्या तीन सेकंदांनी ओपलचं काही बरंवाईट होणार नव्हतं, जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पण क्रम तो होता. ओपलला स्ट्रेचरवर घालून नेल्यावर बाप तिच्यासमोर येऊन बसला, कपडे निथळत होते, दात वाजत होते एवढ्या उकाड्यात. "तू पाणी हलवत होतीस," ते म्हणाले. "बाबा, मी..." "ऐकतेस का नाही? तू पाणी हलवत होतीस. मी बघितलंय. चूप." त्यांनी तिचं तोंड आपल्या ओल्या छातीत दाबलं. बापानं एवढं जवळ घेतल्याचं तिला दुसरं काही आठवत नाही.

ओपल तिसऱ्या दिवशी गेली, मान मोडून. जत्रा चालूच राहिली. अडीचच्या वेळेला उंच काठ्यांवर चालणारा एक विदूषक घातला. जत्रेच्या कचेरीत तीन माणसं टेबल मांडून बसली आणि एकेकाला बोलावून विचारू लागली. आर्लिसला कुणी विचारलं नाही. आल्विननी सांगितलं की उडीच्या क्षणी शिडी हलली, मी डोळ्यांनी बघितलं. वर न बघणाऱ्या माणसानं डोळ्यांनी बघितलं! आणि त्या टेबलावर कुणाला ते खटकलं नाही, कारण नियम स्टेजमागचा होता, टेबलावरच्यांना तो ठाऊकच नव्हता. ज्यांना ठाऊक होता ती माणसं बाहेर रांगेत माना खाली घालून उभी होती. उत्तरेकडची एक दोरी ढिली सापडली. सापडणारच, गर्दीत पन्नास माणसं तिला अडखळून गेली होती. रूडीला विचारलं, प्रत्येक खेळाआधी दोऱ्या तपासायच्या असतात, दुपारी तपासल्यास? तो म्हणाला, "सकाळी तपासल्या. दुपारी नाही." का नाही? ताक आणायला गेला होता, ते त्याला त्या टेबलासमोर सांगवेना. संपलं. त्यानंतर कुठल्याच जत्रेनं, कुठल्याच सर्कशीनं रूडीला दोरीला हात लावू दिला नाही. आल्विन आणखी एकोणीस वर्षं मुकादम होते. आर्लिसला त्यांनी पुन्हा कधी जत्रेत नेलं नाही. मरणाच्या आधीच्या आठवड्यात तिनं धीर करून विषय काढला, दवाखान्याच्या खाटेशी बसून, बाबा, तो पाइप. बापानं डोळे उघडून तिच्याकडं अगदी स्वच्छ बघितलं. "तू कुठं होतीस तिथं?" ते म्हणाले. "तू आईकडं होतीस चर्चमध्ये." आणि ती रडली. नर्सला वाटलं, लेकीची माया.

सभागृहाच्या मागच्या दारात ती पोचली तेव्हा साडेपाच होत होते. पुढच्या बाजूला म्हाताऱ्या बायकांची नाचाची तालीम चालली होती, अकॉर्डियन चुकत होतं. दार रूडीनंच उघडलं. पंजे तसेच होते, बाकीचा माणूस त्यांच्याभोवती वाळून गेला होता. त्यानं तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. "आल्विनची पोरगी," तो म्हणाला. "चेहरा बापाचाच आहे. ये आत, बर्फ आत येतोय. पेपरात वाचलं मी, गेला म्हणून. यायला हवं होतं मी मातीला, पण म्हटलं, आपण कुठं दिसायचं लोकांना." त्यानं खुर्चीवरचं मांजर उचलून खाली ठेवलं, कॉफी ओतली, सुक्या आलूबुखाराचं सारण भरलेले गोड पाव पुढं केले. "खा. शेजारीण करते. गोड जास्त घालते, पण तोंडावर सांगायची सोय नाही." आर्लिसनं कोटसुद्धा काढला नाही. आत्ता बोलले नाही तर पाव खाईन, बाबांच्या चार गोष्टी होतील, आणि मी निघून जाईन, हे तिला स्वच्छ कळत होतं. म्हणून ती उभ्या उभ्याच बोलली. सगळं. पाइप, भिंत, शांत पाणी, बापानं आधी काय केलं, टेबलासमोर काय सांगितलं. तिला वाटलं होतं तास लागेल. चार मिनिटंही लागली नसतील.

रूडी पाव चिमटीत धरून बसला होता, तो त्यानं बशीत परत ठेवला. "किती वेळ?" त्यानं विचारलं. "पाणी शांत किती वेळ होतं?" "ती वर टोकाला उभी होती तेव्हापासून." "आणि तू पाण्यात बघत होतीस." "हो." तो बोटांच्या पेरांकडं बघत होता. "मी तिला उडी मारताना कधी बघितलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. पूर्ण उन्हाळा हिंडलो तिच्याबरोबर, चार राज्यं. कशी..." तो थांबला. "सांगू?" आर्लिस म्हणाली. "नको!" तो ओरडला, आणि मांजर खाटेखाली पळालं. "नको सांगू. तू सांगू नकोस."

पुढं अकॉर्डियन थांबलं, बायका कशाला तरी हसल्या, पुन्हा सुरू झालं. "तिची आई होती," रूडी म्हणाला, आता अगदी हळू, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल. "नेब्रास्कात. मी गेलो तिच्याकडं. पहिल्यांदा तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या वर्षी परत गेलो. गवत वाढलं होतं, ते कापलं आणि आलो. दर उन्हाळ्याला जायचो. छप्पर नीट केलं, घर रंगवलं दोनदा. नवव्या वर्षी म्हातारीनं मला स्वैपाकघरात बसवून जेवायला वाढलं, आणि म्हणाली, रूडॉल्फ, मी तुला माफ केलं. माझा हात हातात घेऊन म्हणाली. तेव्हापासून झोप लागायला लागली मला." त्यानं आर्लिसकडं बघितलं. "आता ते मी कुणाला परत करू? ती मरून वीस वर्षं झाली."

"मी सगळीकडं सांगीन," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज फुटत होता आणि तिला त्याचा राग येत होता. "जत्रेच्या कचेरीला लिहीन. पेपरात देईन. तुमचा काही दोष नव्हता, हे लोकांना कळायला हवं. सत्तेचाळीस वर्षं तुम्ही..."

"दोरी ढिली होती."

"नव्हती हो! ती नंतर झाली. लोक धावले तेव्हा."

"ढिली होती म्हणतोय ना!" फावड्याएवढा पंजा टेबलावर पडला आणि कॉफी सांडली. "मी दुपारी तपासली नाही. ते खरं की खोटं? तपासली नाही. तू आत्ता येऊन सांगतेस, रूडी, तसं काही नव्हतंच. मग लग्न का केलं नाही मी? दारू का सोडली? गवत कशाचं कापलं इतकी वर्षं? तू अकरा वर्षांची होतीस, ठीक. वीसची झाली असशील की. तिशीची झालीस. तेव्हा आली असतीस तर मी घेतलंही असतं. आता ती चूक माझी आहे. मी तिच्याबरोबर म्हातारा झालोय. तुला नाही द्यायची मला ती."

आर्लिस रडत होती, हुंदके देऊन, नाक वाहत होतं आणि तिला रुमाल सापडत नव्हता. "मला माफ करा," ती म्हणाली. दुपारी पुलावर परक्या माणसाला म्हणाली होती तेच शब्द होते, पण आता एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. रूडी उठला. त्याला राग राहिला नव्हता, तो नुसता थकलेला दिसत होता. त्यानं फडक्यानं टेबल पुसलं, नीट, कोपऱ्यांपर्यंत. मग दारापाशी गेला.

"कशाबद्दल माफ करू?" तो म्हणाला. "तू काही केलंच नाहीस. शिडी हलली. तुझ्या बापानं बघितलं." त्यानं दार उघडून धरलं. "जा पोरी. आणि लिहू नकोस कुणाला. लिहिलंस तर मी सांगेन, बाईचं डोकं फिरलंय, बाप गेल्यापासून."

ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. बर्फ आता नीट पडत होता. "मग मी काय करू?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, अकरा वर्षांच्या पोरीनं मोठ्या माणसाला विचारावं तसं.

"मला काय ठाऊक," रूडी वानेक म्हणाला. "मला कुणी सांगितलं होतं?"

दार त्यानं आपटलं नाही. हळूच लावलं, आणि आतून कडी घातली.